यशाच्या सवयी: स्वतः पाहिलेल्या सांगा, फॉरवर्डमधल्या नकोत

तळटीप
माझा भाचा पदवी संपवून पुढच्या महिन्यात पुण्याला चाललाय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, दोन गल्ल्या सोडून अभ्यासिका, मेस लावून झालीय. यूपीएससी करायची म्हणतो. निरोपाच्या जेवणाला जमलेल्या प्रत्येक नातेवाइकाने त्याला एकेक मंत्र दिला. पहाटे चारला ऊठ. मोबाइल कपाटात टाक. रोज आरशासमोर उभं राहून ‘मी कलेक्टर आहे’ असं म्हण. (हे सांगणाऱ्या काकांचं स्वतःचं प्रमोशन अजून लटकलेलंच आहे.) आता भाचा मला विचारतोय, मावशी, यातलं खरं काय घ्यायचं?

म्हणून या संस्थळावर हा धागा. अट एकच. अब्जाधीशांचे दिनक्रम नकोत. ज्याला किंवा जिला तुम्ही जवळून पाहिलंय, निदान ज्यांच्या कामाची नीट माहिती आहे, अशा माणसाची सवय सांगा.

माझं मत आधीच सांगून टाकते. चिकाटी, जिद्द वगैरे सगळं मान्य. पण मी पाहिलेली पुढे गेलेली माणसं लिहून ठेवणारी होती. पैसे, वेळ, चुका, काहीही असो, वहीत नोंद.

खवचट_पेठ
यशस्वी माणसांची पहिली सवय म्हणजे असले धागे न वाचणे. मी पहिला प्रतिसाद देतोय, यावरून माझं कसं चाललंय ते ओळखा.

डोंगरकपार
चहा टाकून बसलोय. येऊ द्या.

आकडेमोड
भाच्याला आधी एक आकडा दाखवा. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला अर्ज आले ९,९२,५९९. प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले ५,८३,२१३. म्हणजे चार लाखांवर लोक केंद्रावर गेलेच नाहीत. पुढे मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला २,८४५ आणि शेवटच्या यादीत १,००९.

तेव्हा पहिली सवय: परीक्षेच्या दिवशी परीक्षेला जाणे. एवढ्यानेच चार लाख लोक मागे पडतात.

खवचट_पेठ
@आकडेमोड, हा पहिला प्रेरणादायी विचार जो मला झेपण्यासारखा आहे.

मीनाक्षी_डोंबिवली
पहाटे चारला उठण्याबद्दल. आमच्या नात्यात एक दीर होते, सीए झाले. ते चारला उठून अभ्यास करायचे याचं कौतुक अजून प्रत्येक लग्नात ऐकू येतं. त्यांना चहा द्यायला सासूबाई पावणेचारला उठायच्या, त्याबद्दल कुणी एक शब्द काढत नाही. नंतर तीच परीक्षा त्यांच्या बायकोने दिली. तिच्या आर्टिकलशिपच्या (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीच्या) काळात मुलगा लहान होता. ती कधी चारला उठली नाही, कारण रात्री एकपर्यंत जागीच असायची. झाली पास.

मला तिच्यात दिसलेली सवय एकच. वीस मिनिटं मिळाली तर वीस मिनिटांचं काम तिच्याकडे तयार असायचं. एखादं कलम, एखादं गणित. सलग चार तास मिळतील तेव्हा बसू, असं ती म्हणत बसली नाही, कारण चार तास मिळणारच नव्हते. दिरांना मिळायचे.

कोल्हापुरी_रस्सा
ताई, पटलं. आता आमच्याकडचं सांगतो. जवळून पाहिलेलं नाही, पण इकडं तालमीत लहानपणापास्नं ऐकलेलं आहे, आणि नोंदीतही आहे.

खाशाबा जाधव, गाव गोळेश्वर, कराडजवळ. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. मातीवर कुस्ती शिकलेला गडी, तिथं गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम. आता सहावा नंबर म्हणजे काय लहान गोष्ट आहे का? गावानं तेवढ्यावर हत्तीवरनं मिरवलं असतं. पण परत आल्यावर पुढची चार वर्षं त्यांनी नेमकं तेच धरलं, जिथं कमी पडलो ते. गादीवरचे डाव, तिथले नियम. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट वजनगटात ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

जोर-बैठका तेव्हा तालमीतली सगळीच पोरं मारायची. फरक कुठं पडला? आपण हरलो कशानं, ह्याचं उत्तर त्यांनी नशिबावर ढकललं नाही.

उलटा_प्रवाह
@कोल्हापुरी_रस्सा, गोष्ट छान, पण अर्धी सांगितलीत. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्या काळात कोल्हापूर-साताऱ्यात खाशाबांइतके कष्ट करणारे आणखी किती पैलवान असतील? त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं नाही, म्हणून ते आपल्याला माहीत नाहीत.

मला या असल्या सगळ्या चर्चांचा कंटाळा येतो तो याचसाठी. जिंकलेल्या माणसाला विचारायचं, तू काय करत होतास? तो म्हणणार, रोज सकाळी लिंबूपाणी पीत होतो. झालं, लिंबूपाणी यशाचं रहस्य. रोज लिंबूपाणी पिऊन हरलेल्याची मुलाखत कोण घेतो?

कोल्हापुरी_रस्सा
दादा, घर गहाण टाकलं हे खरंच आहे, कोण नाकारतंय? पण ते टाकलं कुणासाठी? पोरगं काय आहे हे प्राचार्यांना दिसत होतं, तेव्हा टाकलं. आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते कर्ज फेडलं. ती पण सवयच की. मदत घेतली तर फेडायची.

प्रयोगवही
@उलटा_प्रवाह यांच्या बाजूने थोडी भर. लहान मुलांसमोर एक गोड पदार्थ ठेवायचा, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, हा वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग सगळ्यांना ठाऊक असेल. थांबलेली मुलं पुढे आयुष्यात सरस ठरली, असं आपण वर्षानुवर्षं पालकसभांत ऐकत आलोय. २०१८ मध्ये तोच संबंध ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर पुन्हा तपासला गेला. तो मूळ अभ्यासाच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर आणखी पुष्कळ घटला. ज्या घरात दुसरा लाडू मिळेलच याची खात्री नसते, तिथलं पोर पहिला लगेच खाणार. त्याला संयम नाही असं कसं म्हणायचं?

म्हणून सवयींना अर्थच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. परिस्थिती आपल्या हातात नसते, त्यातल्या त्यात सवय असते.

सरळमार्गी
सचिनचं नाव अजून कसं आलं नाही?

खवचट_पेठ
आलं. मराठी संस्थळावर यशाचा धागा आणि विसाव्या प्रतिसादाच्या आत सचिन, हा नियम आहे.

सरळमार्गी
हसा. पण मी वेगळंच सांगणार होतो. जानेवारी २००४, सिडनी कसोटी. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला ड्राइव्ह मारताना तो बाद होत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंदच करून टाकला. नाबाद २४१. ज्या फटक्यासाठी लोक पैसे देऊन बघायला यायचे, तो त्याने खिशात ठेवला.

आपण कायम नवीन सवय लावण्याबद्दल बोलतो. आपल्याला उत्तम जमणारी गोष्ट सध्या नुकसान करतेय, हे ओळखून थांबवणं मला जास्त अवघड वाटतं. आमच्या ऑफिसात एक बाई फार सुंदर प्रेझेंटेशन करायच्या. वरचं पद मिळाल्यावर त्यांनी ते काम हाताखालच्या मुलांना देऊन टाकलं आणि स्वतः ग्राहकांना फोन करायला बसल्या. पहिले सहा महिने प्रेझेंटेशन्स वाईट व्हायची. त्या गप्प बसल्या. हे गप्प बसणं मला अजून जमत नाही.

तळटीप
हे आवडलं. पण माझ्या वहीला कुणी विचारत नाहीये.

द्राक्षबाग_निफाड
ताई, वहीवाला मी आहे. उशीर झाला, कारण सध्या छाटणीची गडबड.

द्राक्षात दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी, थंडी वाढली की भुरी, दोन्ही बुरशीचे रोग. प्रत्येक दोन-चार दिवसांनी निर्णय घ्यायचा असतो, फवारू की थांबू. आमच्या भागात ज्यांची बाग वर्षानुवर्षं टिकली, त्यांच्या घरी गेलात तर खुंटीला वही लटकलेली दिसेल. छाटणीची तारीख, पाऊस किती, कोणतं औषध, किती प्रमाणात, मजूर किती, खर्च किती.

निर्यातीला तर नोंद सक्तीचीच. अपेडा म्हणजे शेतमालाची निर्यात बघणारी केंद्राची संस्था, तिची ग्रेपनेट ही ऑनलाइन यंत्रणा आहे, त्यात बागेची नोंदणी होते, माल जायच्या आधी औषधाच्या अंशाची तपासणी होते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला होता, ते इकडं कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून वही ठेवणाऱ्यांची संख्या वाढली. पण सांगू का, सक्ती म्हणून लिहिणारे आणि स्वतःसाठी लिहिणारे यांत फार फरक आहे. पहिला अधिकाऱ्याला दाखवायला लिहितो. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. दुसऱ्याच्या वहीवर औषधाचे डाग असतात.

आणि उलटा_प्रवाह म्हणतात तेही खरं. वही कितीही चांगली ठेवा, मार्चमध्ये गारपीट झाली की दहा मिनिटांत वर्ष गेलं. वहीमुळे गारपीट थांबत नाही. पुढच्या वर्षी कर्ज मागायला गेल्यावर बँकेत दाखवायला काहीतरी हातात असतं, एवढंच.

डोंगरकपार
औषधाचे डाग. वा. दंडवत घ्या दादा.

गिरगावकरीण
हिशेबाचा विषय निघालाच आहे तर आमच्या गिरगावचं उदाहरण देते. लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. ८० रुपयांचीच गोष्ट सांगतात, पुढची सांगत नाहीत.

त्यांना सल्ला देणारे छगनबाप्पा पारेख. त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, हिशेब चोख ठेवा. दुसरी, दर्जा एकच ठेवा. स्वस्तातला दुय्यम पापड काढणं सोडून द्यायला लावलं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हा आकडा आज आपल्याला सांगता येतो तो कुणीतरी लिहून ठेवला म्हणूनच.

आणि मला सगळ्यात आवडतं ते पावसाळ्याचं. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. काम चालू. यात जिद्द वगैरे शब्द मला सुचतच नाहीत. गेल्या वर्षी काय अडलं ते लक्षात ठेवून पावसाच्या आधी खाट आणली.

मीनाक्षी_डोंबिवली
खाट आणि शेगडी! आमच्याकडे जुलैत शाळेचे गणवेश असेच वाळवायचो. फक्त त्यातून उद्योग उभा राहिला नाही.

सातारकर_दूरदेशी
आमच्याकडे अजून. इथे म्युनिकमध्ये हीटरवर मोजे.

विषयाला धरून: इथे आल्यावर बरोबरच्या लोकांमध्ये मला एक फरक दिसला. मीटिंगमध्ये कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणणारे लवकर पुढे गेले. आपल्याकडच्या हुशार मुलांना वर्गात कायम उत्तर येत असतं, त्यामुळे विचारायची सवयच मोडलेली असते. मान डोलवायची आणि रात्री घरी जाऊन तीन तास शोधत बसायचं.

खर्ज
गाण्यातलं थोडं. रियाज किती तास, हे नवखा विद्यार्थी विचारतो. आमच्या बाई विचारायच्या, काल काय बिघडलं होतं आणि आज त्याचं काय केलं? आवडती तान रोज तासभर घोटणारे पुष्कळ. गळ्याला न जमणारा पलटा, म्हणजे सरावाची स्वरांची ओळ, विलंबित (संथ) लयीत पुन्हा पुन्हा घेणं कंटाळवाणं असतं, शेजाऱ्यांनाही.

दहा हजार तास सराव केला की कुणीही पारंगत होतो, असा जो बोलबाला झाला त्याच्या मुळाशी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास आहे. दहा हजार हा जादूचा आकडा नव्हे, हे एरिक्सननी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. सरस वादक जास्त झोपायचे, आणि दुपारीही झोप काढायचे.

खवचट_पेठ
दुपारी १ ते ४ ला शास्त्रीय आधार मिळाला. धागाकर्तीचे आभार. भाच्याला योग्य शहरात पाठवताय.

आरंभशूर_अनलिमिटेड
माझी अडचण वेगळी आहे. सुरुवात जोरात होते. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. मी बाविसाव्या दिवसापर्यंत कधी पोचलेलोच नाही. एक दिवस चुकला की सगळं सोडून देतो.

प्रयोगवही
@आरंभशूर, २१ चा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढे ‘निदान’ गळून पडलं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं अशा सवयी होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस सांभाळा.

आरंभशूर_अनलिमिटेड
२५४! म्हणजे मी अजून वेळेतच आहे.

माजी_पेठकरी
धागा वरपासून वाचला. आता मूळ प्रश्नावर येतो, कारण मी त्याच पेठांमध्ये काही वर्षं काढलीत. अधिकारी झालो नाही. बँकेत आहे, बरं चाललंय.

अभ्यासिकेत एक रोग असतो, तासांचा. रात्री मेसमध्ये ताट घेऊन बसलं की पहिला प्रश्न, आज किती झाले? बारा म्हणणारा सगळ्यात मोठा. त्या बारात टपरीवरचा चहा, तिथली राजकारणावरची चर्चा, टेबल अडवायला पुस्तक ठेवून मारलेली चक्कर, सगळं धरलेलं असतं. भाच्याला सांगा, तिथे कुणाला तास सांगायचे नाहीत आणि कुणाचे विचारायचे नाहीत.

माझ्या खोलीत एक जण होता, तो निवडला गेला. संध्याकाळी सहाला पुस्तक मिटून सारसबागेकडे फिरायला जायचा. सगळे हसायचे. त्याची वही मी पाहिलीय (तळटीप, तुमची वही). पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये १०० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, चुकलं की एक तृतीयांश कापले जातात. प्रत्येक सराव पेपरनंतर तो चुकलेल्या प्रश्नांपुढे तीनच शेरे लिहायचा: माहीत नव्हतं, वाचताना घाई, ठोकून दिलं. काही महिन्यांनी त्याला दिसलं की ‘माहीत नव्हतं’ फार कमी आहेत. गुण जात होते ते ठोकाठोकीत. आम्ही बाकीचे मात्र गुण कमी पडले की आणखी एक पुस्तक विकत आणायचो. आप्पा बळवंत चौक जवळच.

तो कला शाखेचा, गणिताची भीती. सी-सॅटमध्ये (पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, आकलन आणि गणिताचा) फक्त ३३ टक्के लागतात म्हणून लोक तो पेपर शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि तिथेच उडतात. त्याने पहिल्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी गणित ठेवलं होतं. रविवारी सकाळी पेठेत नळाला पाणी आणि खोलीत पोहे असतात, गणित कुणाकडे नसतं.

आता कटू भाग. खुल्या प्रवर्गाला ६ प्रयत्न, वय ३२. ओबीसींना ९ आणि ३५. अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. ही सरकारने आखलेली रेषा. पण बँकभरतीच्या आयबीपीएसमधल्या पीओ (अधिकारी) परीक्षेचं वय खुल्याला ३० ला संपतं, क्लार्कचं २८ ला. म्हणजे यूपीएससीच्या रेषेपर्यंत थांबलात तर बाकीची दारं आधीच बंद झालेली असतात. आणि ‘अजून एकदा देऊ’ हे वाक्य निकालाच्या दिवशी हमखास तोंडात येतं, म्हणून कुठे थांबायचं ते निकालाच्या दिवशी ठरवायचं नसतं. जायच्या आधी, घरी बसून, कागदावर.

उलटा_प्रवाह
या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. हरलेल्याची मुलाखत मागितली होती, ती मिळाली. (हरलेला हा शब्द हलके घ्या.)

माजी_पेठकरी
घेतला. पगार वेळेवर होतो.

सरळमार्गी
पण कुठे थांबायचं ते आधीच लिहून ठेवलं तर जोर अर्धा होत नाही का? परतीचं तिकीट खिशात असलेला माणूस कसा लढेल?

माजी_पेठकरी
मला उलटं दिसलं. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, ते परीक्षेच्या आदल्या रात्री झोपूच शकायचे नाहीत. स्वप्नील कुसाळे बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी होती, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (तीन पवित्र्यांतली नेमबाजी) ब्राँझ. अंतिम फेरीत गुडघे टेकून मारण्याचा टप्पा संपला तेव्हा तो सहावा होता. नोकरी होती म्हणून हात ढिला पडला, असं काही दिसलं नाही.

कोल्हापुरी_रस्सा
आमच्या जिल्ह्याचं नाव काढलंत, तुम्हाला पांढरा रस्सा लागू.

तळटीप
सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. त्याने मीनाक्षीताईंचा प्रतिसाद त्याच्या आईला वाचून दाखवला आणि माजी_पेठकरींचा वडिलांना. घरात थोडं वाजलं. ‘जायच्या आधीच थांबायच्या गोष्टी कशाला, अपशकुन’ असं आजोबा म्हणाले. शेवटी वय २७ असं ठरलं. कागद कपाटात आहे, सही तिघांची. आरशाबद्दलचा प्रश्न मात्र तसाच राहिला, काका रोज फोन करून विचारतात.

@द्राक्षबाग_निफाड, भाच्याचा एक प्रश्न: वहीत सगळ्यात उपयोगी रकाना कोणता?

द्राक्षबाग_निफाड
फवारणी केली ती सगळेच लिहितात. नाही केली तर का नाही केली, तो. ढग होते म्हणून थांबलो, पैसे नव्हते म्हणून थांबलो, की लग्नाला गेलो होतो म्हणून राहिलं. तीन वर्षांनी वही चाळली की लग्नंच जास्त निघतात.